फोटोमागची पेन्सिल

रविवारी दुपारी भिंगरूच्या जांघेत लिंबाएवढी गाठ वर आली आणि काही केल्या आत जाईना. साडेतीन वर्षांचं पोर. एरवी घरभर गरगरत असायचं म्हणून नाव भिंगरू पडलेलं. ते पोटाशी गुडघे घेऊन असं कळवळत होतं की त्याच्या आईनं त्याला तसंच उचलून दवाखाना गाठला. जवळच्या छोट्या दवाखान्यातल्या सर्जननी ती गाठ हळूहळू दाबत आत ढकलली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हर्निया आहे. या वेळी गेला आत. पुढच्या वेळी जाईलच असं मी लिहून देणार नाही. गुरुवारी सकाळी शिवून टाकू. तोवर याला रडू देऊ नका."

"रडू देऊ नका म्हणजे करायचं काय?" घरी येताना तिनं नवऱ्याला विचारलं.

"मागेल ते द्यायचं. चार दिवस राजेशाही."

त्याला सगळं असंच सोपं वाटायचं. तिला नाही. भिंगरू झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणाऱ्यांतली ती. नवरा तिला लाडानं 'चौकीदार' म्हणायचा आणि चिडला की त्याच शब्दानं टोचायचा.

सोमवारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे तपासणी होती. नवरा होता, सासरेही सोबत आले होते. बाईंनी भिंगरूची छाती तपासली, जीभ बघितली आणि मग फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "घरात कुणाला भूल दिल्यावर काही झालं होतं? एकदम ताप चढला, जबडा आवळला, अंग ताठ झालं? कुणी टेबलावरच गेलं?"

भिंगरूच्या आईनं बाळाला जवळ ओढलं.

"घाबरू नका, सगळ्यांना विचारते मी," बाई म्हणाल्या. "काही घराण्यांत तो दोष रक्तातून उतरतो. एरवी माणूस धडधाकट. नेहमीचा भुलेचा वायू दिला की अंग भट्टीसारखं पेटतं. आधी कळलं तर दुसरी औषधं आहेत, भीती नाही. कळलं नाही, तर त्यावरचं औषध आमच्या या छोट्या जागेत नसतं. मोठ्या रुग्णालयातच असतं."

तिच्या माहेरी आईचं पित्ताशय काढलं होतं, भावाच्या पायात सळई घातली होती, दोघं ठणठणीत. नवऱ्याच्या घरात मात्र भूल अशी कुणी घेतलीच नव्हती. सासूबाई होत्या तोवर डोकेदुखीच्या गोळीपुढे गेल्या नाहीत. नवऱ्याचा हात मोडला तो नुसत्या प्लास्टरवर निभावला.

"कुणी घेतली नाही कसं?" सासरे पुढे सरसावले. "मी घेतलीय!"

सासऱ्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर निवृत्तीत काढायला काही उरेना, म्हणून त्यांनी घराण्याचा इतिहास हाती घेतला. जुने फोटो, दाखले, जनगणनेच्या नकला यांच्या फायली त्यांनी केल्या होत्या आणि लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, एक फाईल काखेत असायचीच. तिच्यातून त्यांनी पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, वय सहा, टॉन्सिल, पूर्ण भूल. दिवस आणि महिना होता. सालाचा कोपरा कसरीनं खाल्लेला, तिथं सासऱ्यांनी पेन्सिलीनं नेटकं साल घातलेलं.

"सहाव्या वर्षी पूर्ण भूल, आणि हा मी तुमच्यासमोर अडुसष्टीचा!" ते म्हणाले.

"असे पुरावे आणणारे नातेवाईक रोज मिळोत," बाई हसल्या आणि त्यांनी 'नाही' या रकान्यावर खूण केली.

भिंगरूच्या आईला त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं झालं.

मंगळवारी सकाळी राजेशाही चालू होती. भिंगरूला आजोबांचे फोटो बघायचे होते. ती त्याला मांडीवर घेऊन अल्बमची पानं उलटत बसली. एका पानावर स्टुडिओतला फोटो होता. रंगवलेल्या पडद्यापुढे एक मुलगी आणि एक मुलगा हात धरून उभे.

"हे कोण?"

"हे तुझे आजोबा. लहान असताना. आणि ही त्यांची ताई."

"सारखे आहेत."

"सारखे नाहीत रे, ताई मोठी."

"सारखे!" भिंगरूनं ओठ काढला, तशी ती घाईनं म्हणाली, "बरं, सारखे," आणि मग तिनं नीट पाहिलं.

मुलगी मुलापेक्षा चार बोटं उंच. फार तर पाच. घराच्या दाराच्या चौकटीवर ती दर वाढदिवसाला भिंगरूची उंची मांडायची, शेजारच्या दोन मुलींचीही मांडलेली होती. सहा वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल शेजारी उभं राहिलं की असंच दिसतं, हे तिला त्या चौकटीनं शिकवलं होतं. पण ही ताई म्हणजे नवऱ्याच्या आत्या. त्या अठ्ठ्याहत्तरच्या आणि सासरे अडुसष्टचे. फोटोतला मुलगा सहाचा असेल तर ही मुलगी सोळाची हवी. सोळाची मुलगी अशी? तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. मुलगी हसत होती आणि तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"बाबा, या फोटोत आत्या एवढ्या लहान कशा?"

"ताई खुरटीच होती. आणि मी आडदांड. आई नेहमी सांगायची."

"आणि दात?"

"आपटली असेल कुठं."

तिनं फोटो काढून उलटा केला. मागं पेन्सिलीनं साल. "हे कुणी घातलं?"

"मीच. या फोटोनंतर महिन्याभरात टॉन्सिल काढले, हे आईनं सांगितलेलं. चिठ्ठीत वय सहा. माझ्या जन्मसालात सहा मिळवले, झालं."

"आणि चिठ्ठीवरचं सालही तसंच?"

"मग! हिशेब सरळ आहे."

हिशेब सरळ होता खरा. फोटो, चिठ्ठी, दोन्हींवरची सालं, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं: तो मुलगा म्हणजे आपण. खुंटी कुणी हलवून पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या मजकुरात एक अनुस्वार न सोडणारा माणूस, स्वतःच्या बाबतीत आईच्या शब्दावर डोळे मिटून बसला होता. बसणारच. आईवर कोण शंका घेतं?

तिनं स्वयंपाकघरात जाऊन आत्यांना फोन लावला. फोटोबद्दल विचारलं. पलीकडं इतका वेळ काही ऐकू येईना की फोन कट झाला असं तिला वाटलं.

"हे आत्ताच कशाला उकरतेस?" आत्या शेवटी म्हणाल्या.

"भिंगरूचं ऑपरेशन आहे परवा. म्हणून..."

"कसलं? भूल देणार त्याला?" आवाज एकदम चिरकला. मग आत्यांनी तो सावरला. "डॉक्टर चांगला बघितलाय ना? चांगला बघा. मला बरं वाटत नाहीये, ठेवते."

नंतर चार वेळा लावला, उचलला नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता बूट काढायचा थांबला होता. मग त्यानं दुसरा बूट काढला. "दात पडलेली एक मुलगी. एवढ्यावरून?"

"आत्या घाबरल्या, अरे."

"आत्या झुरळालाही घाबरते. अगं, किती राईचा पर्वत करशील? ऑपरेशन पुढं ढकलायचं, आणि मध्येच ती गाठ अडकली तर?"

हेच तर होतं. तिला दोन्हीकडून भीती होती. ऑपरेशन थांबवलं आणि हर्निया अडकला, तर दोष तिचा. थांबवलं नाही आणि भूल देताना अंग पेटलं, तर तिला कळत असून ती गप्प बसलेली. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधल्या काठावर साडेतीन वर्षांचं पोर.

जनगणना दर दहा वर्षांनी होते. सासऱ्यांच्या फायलीत जी नक्कल होती तिच्यात ते आठ वर्षांचे होते आणि आत्या अठराच्या. तिच्या आधीची नक्कल त्यांनी मागवलीच नव्हती. "मी नव्हतोच तेव्हा," ते म्हणाले. "जन्मच दोन वर्षांनी. त्यात बघण्यासारखं काय?"

बुधवारी दहाला ती दप्तरखान्याच्या दारात उभी होती. निघताना नवरा म्हणाला होता, "उद्या ऑपरेशन आणि आज तू शिरगणती करत फिरणार?" तिनं फक्त "त्याला सांभाळ" एवढंच म्हटलं होतं.

खिडकीमागच्या कारकुनानं तिच्याकडं न बघता अर्ज सरकवला. "भरा. पंधरा दिवसांनी या."

"मला आज हवंय."

"बाई, इथली सगळी माणसं कधीच वारलेली आहेत. कुठं पळून जात नाहीत."

"माझं पळणारं आहे," ती म्हणाली. "साडेतीन वर्षांचं. उद्या सकाळी साडेआठला त्याला भूल देणार आहेत. द्यायची की नाही ते तुमच्या कागदात आहे."

कारकुनानं मान वर केली. तिनं सगळं सांगितलं, अगदी पडलेल्या दातांसकट.  त्यानं तिचा भरलेला अर्ज घेतला, त्यावरचा पत्ता दोनदा वाचला, पुटपुटला, "त्या वेळी हा भाग वेगळ्या प्रभागात होता, तिथंच घोळ आहे," आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत गेला.

अकरा वाजले. बारा वाजले. नवऱ्याचा फोन आला: भिंगरू खेळतोय, गाठ नाही. एक वाजला. कारकून धुळीनं पांढरा होऊन बाहेर आला, पाणी प्यायला, "सापडत नाही" म्हणाला आणि पुन्हा आत गेला. तिनं बाकड्यावर बसून आपल्या नखांची वाट लावली. सापडू नये असंही तिला एकदा वाटून गेलं. कागद नाही तर प्रश्न नाही.

सव्वातीनला त्यानं एक लांबलचक रजिस्टर तिच्यापुढं उघडलं आणि ओळीवर पट्टी ठेवली.

कुटुंबप्रमुख. त्याची पत्नी. मुलगी, वय आठ. मुलगा, वय सहा. मुलाच्या पुढं सासऱ्यांचं नाव. तेच्या तेच.

"वयं ठोकून द्यायचे हो त्या वेळचे गणक," कारकून हलक्या आवाजात म्हणाला. त्याला तिची समजूत घालायची होती.

"पण या नावाचे माझे सासरे तर तेव्हा जन्मलेच नव्हते," ती म्हणाली. "न जन्मलेल्याचं वय कसं ठोकतील?"

 मुलगे दोन होते. नाव एक होतं. आणि ती चिठ्ठी, जिच्यावर डॉक्टरबाईंनी भरवसा ठेवला, ती जगलेल्या मुलाची नव्हतीच.

आत्यांचं घर दोन थांब्यांवर होतं. दार उघडताच आत्यांनी तिच्या हातातला कागद बघितला आणि बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

"आत्या, तो कशानं गेला?"

"आईनं शपथ घातलीय मला."

"आई जाऊन तीस वर्षं झाली. भिंगरूला उद्या साडेआठला आत नेणार आहेत. तो कशानं गेला?"

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "टॉन्सिल काढायला नेला होता. मी बाहेर पायऱ्यांवर बसले होते. हसत गेला. मला म्हणाला, आल्यावर तुझी खोड काढतो." त्यांनी गुंडाळलेलं टोक घट्ट ओढलं. "बाबांनी उचलून आणला तेव्हा मी त्याचा हात धरला. जीव गेला होता, तरी अंग तापलेलं होतं गं. तव्यासारखं. आणि हात असा लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, आतून ताप होता, आधीच ओळखायला हवा होता. आई जन्मभर स्वतःला दोष देत राहिली, की ताप असताना मी पोराला नेलंच कसं. ताप नव्हता त्याला. मी सकाळी भांडले होते त्याच्याशी, मला माहीत आहे."

"आणि मग बाबा झाले."

"दोन वर्षांनी. आई म्हणाली, हा परत आलाय. तेच नाव, तेच कपडे, भिंतीवर तोच फोटो. मला म्हणाली, हा दुसरा आहे असं कधी तोंडातून काढलंस तर मी मेलेली दिसेन." आत्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या. "तुझ्या डॉक्टरला सांगते मी. पण आधी धाकट्याला. तुझ्या तोंडून त्यानं ऐकायला नको."

त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा साडेपाच झाले होते. भिंगरू बापाच्या खांद्यावर बसून छताला हात लावत होता. सासरे टेबलाशी चष्मा पुसत होते. आत्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, एका दमात.

सासऱ्यांनी नक्कल हातात घेतली. वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "गणकाची चूक."

"चूक नाही रे."

"ताई, तुझं वय झालंय. तुझा गोंधळ होतोय. मला आठवतंय ते ऑपरेशन. घसा दुखलेला आठवतोय."

"आईनं सांगून सांगून आठवायला लावलंय तुला. मी तुला कधी त्या नावानं हाक मारलीय? एकदा तरी? अडुसष्ट वर्षांत?"

 सासऱ्यांनी सुनेकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. "लाडानं म्हणतेस म्हणून... धाकट्या..." मग त्यांचा आवाज चढला. "माझे टॉन्सिल काढलेत! माझे! मला ठाऊक नसेल?"

"आ कर," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"आ कर म्हणते ना! सूनबाई, टॉर्च आण."

घरातला सगळ्यात मोठा माणूस खिडकीशी खुर्चीत बसून आ वासून होता आणि त्याची अठ्ठ्याहत्तर वर्षांची बहीण त्याच्या जिभेवर चमचा दाबत होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी भिंगरूचा बाप हसून हसून आडवा झाला असता. भिंगरू तेवढा हसला. टॉर्चच्या उजेडात घशाच्या दोन्ही बाजूंना, पडजिभेच्या अल्याडपल्याड, दोन सुरकुतलेले गोळे बसलेले होते. डावीकडं एक, उजवीकडं एक.

नवऱ्यानंही वाकून पाहिलं. मग तो खिशातला फोन काढून तिच्याकडं आला. "लाव," म्हणाला. "डॉक्टरबाईंना."

बाईंनी आत्यांनाच फोनवर घेतलं. अंग केव्हा तापलं, हात कसा होता, जबडा उघडत होता का, असं एकेक विचारलं. मग भिंगरूच्या आईला म्हणाल्या, "उद्याचं रद्द. मी मोठ्या रुग्णालयात बोलते. त्याला आत्ताच घेऊन या, सामान नंतर. आणि वाटेत त्याला रडवू नका."

गुरुवार त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काढला. ऑपरेशन थिएटर शुक्रवारी मिळणार होतं. दुपारी तीनला भिंगरूला सुई टोचली आणि तो किंचाळला. दहा मिनिटांत गाठ वर. निवासी डॉक्टर धावत आले, भिंगरूच्या बापानं त्याचे पाय धरले, ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन कसलंतरी गाणं म्हणत राहिली. शब्द तिचे तिलाच कळत नव्हते. पाच मिनिटं गाठ हलली नाही. सहाव्या मिनिटाला गेली. ती बाथरूममध्ये जाऊन उलटी करून आली. नवरा दारात पाणी घेऊन उभा होता. त्यानं तिला चौकीदार म्हटलं नाही, फक्त पेला धरला.

शुक्रवारी सकाळी भूल देणाऱ्या बाई आपल्या रजेच्या दिवशी तिथं आल्या. वायू नाही, शिरेतली वेगळी औषधं. यंत्र आदल्या दिवशीपासून शुद्ध हवा सोडून धुतलेलं. पेटलंच अंग, तर त्यावरचं औषध टेबलाशेजारी. त्यांनी हे सगळं तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिनं ऐकलं नव्हतं.

दार बंद झालं. बाकावर ती, तिच्या पलीकडं आत्या, आत्यांच्या पलीकडं सासरे. नवरा येरझाऱ्या घालत होता. सासरे बुधवारपासून कुणाशी बोलले नव्हते. आज त्यांच्या काखेत फाईल नव्हती. तिनं घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. बावीस मिनिटं. एकतीस. एक नर्स पळत बाहेर आली, ती उठून उभी राहिली, नर्स दुसऱ्याच दारात शिरली.

अठ्ठेचाळीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. मास्क गळ्यात होता. "झालं. ताप नाही. पूर्ण वेळ एक अंशाचाही फरक नाही. रात्रभर लक्ष ठेवू." मग सासऱ्यांकडं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हा दोघांची आणि याची नंतर तपासणी करायची. तोवर दात काढायचा असला तरी आधी सांगायचं."

भिंगरूला खाटेवर आणलं तेव्हा तो झोपेत ओठ चोखत होता. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. साधं, कोमट कपाळ होतं. तिनं हात काढला नाही.

दोघं म्हातारे खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

"ताई," सासरे म्हणाले. दोन दिवसांतला त्यांचा पहिला शब्द. "माझ्यासारखा होता का तो?"

"छे!" आत्या म्हणाल्या. "मारकुटा होता. हट्टी. माझ्या वेण्या ओढायचा, रडेपर्यंत. तू आलास ना, तेव्हा मी वाट बघत होते, आई म्हणते परत आलाय, आता ओढेल, मग ओढेल. तू एकदाही ओढल्या नाहीस."

"ओढायला हव्या होत्या?"

"तेव्हा हव्या होत्या," आत्या म्हणाल्या आणि खाटेची चादर उगाचच सारखी केली. "वर्षभर तुझ्यावर रागावून होते मी त्यासाठी. मग एक दिवस तू पडलास, गुडघा फुटला, आणि आईकडं न जाता माझ्याकडं आलास. तो कधी येत नसे. त्या दिवसापासून मी तुम्हा दोघांना वेगळं धरलं. आईला जमलं नाही ते."

 सासऱ्यांनी हात पुढं केला, आत्यांच्या पांढऱ्या, बोटभर उरलेल्या वेणीचं टोक चिमटीत धरलं आणि अगदी हळू ओढलं.